मदत हवी आहे: लॅब्रॅडॉरचं पिल्लू की मोठा कुत्रा?

घरात सहा वर्षांचं मूल, दिवसातले चार तास घर रिकामं. बीगल यादीतून काढला: वासामागे सुटला की हाक ऐकत नाही, एकटा राहिला की ओरडून शेजार उठवतो. उरला लॅब्रॅडॉर. केस वर्षभर गळतात, ते चालेल. खरी अडचण खुब्याची: या जातीत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा, आई-बापांकडून येणारा दोष आढळतो. पिल्लाच्या आई-बापांच्या खुब्याचे एक्स-रे मागितले, तर 'दोघं ठणठणीत आहेत' एवढंच उत्तर मिळतं (हे उत्तर सगळेच देतात!). आठ आठवड्यांच्या पिल्लाला नुसतं हाताने तपासून हा दोष भरवशाने कळत नाही. म्हणून दोन वर्षांचा, वाढ पूर्ण झालेला कुत्रा घ्यावा असं वाटतंय.

तो बघायला जाताना मुलांशी कसा वागेल, जेवताना कुणी जवळ गेलं तर गुरगुरेल का, हे सुरक्षितपणे कसं तपासायचं? आणि एक्स-रेसाठी गुंगीचं इंजेक्शन द्यावंच लागतं का?