गॅसवरून इंडक्शनवर : तुमच्या घरी कसं झालं?

पारिजातक
आमची पार्ल्याची बिल्डिंग अखेर रिडेव्हलपमेंटला गेली. परवा पाईप गॅसचा माणूस येऊन मीटर काढून घेऊन गेला, नळीला बूच मारून. भाड्याच्या घरात पाईप नाही, सिलिंडरची कागदपत्रं होईपर्यंत दम नाही, म्हणून इंडक्शन आणलं. आई ८१ वर्षांची. चहाचं भांडं ठेवलं, बटण दाबलं आणि सवयीने कमरेत वाकून भांड्याखाली बघायला लागली. जाळ किती आहे ते. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता मी कशावरून ठरवू?"

त्यावरून गिरगावची चाळ आठवली. नंबर लावून कितीतरी वर्षांनी आमच्याकडे पहिला सिलिंडर आला होता. आजीने शेगडीला हळदकुंकू वाहिलं, दूध उतू घातलं, आणि पुढे बरेच महिने स्वतःचा भात पंपाच्या स्टोव्हवरच केला. स्टोव्हच्या फरफरीवरून तिला कळायचं आत काय चाललंय. गॅस मुका, त्याचा भरवसा काय, असं तिचं म्हणणं. तेव्हा आईच नवी सून होती आणि तिनेच आजीला हळूहळू गॅसवर आणलं. आता आईला कोणी आणायचं, तर मी. तुम्ही काय काय केलंत ते लिहा. भांडी, पोळ्या, बिल, सगळंच. सविस्तर लिहिलंत तर फार उपयोग होईल.

खारी_बटर
फुलके विसरायचे. घडीच्या पोळ्या उत्तम होतात. भाकरी होते, पण तवा बिडाचा आणि बुडाला सपाट हवा. दुसरी बाजू शेकताना फडक्याने कडेकडेने दाबत फिरवायची, टम्म फुगते. कुकर चढवतेय, नंतर लिहिते.

वायरमन_लालबाग
ताई, भांड्यांच्या आधी पॉइंट बघा. हे मी हात जोडून सांगतो कारण रोज बघतो. २००० वॅटचं इंडक्शन म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर. मिक्सरचा लहान पॉइंट ६ अँपिअरचा असतो. त्यात अडॅप्टर लावून चालवलं की पहिले काही दिवस काही होत नाही, मग पिन काळी पडते, बोर्ड पिवळा पडतो, वास येतो. गीझरला असतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट, ४ एमएमची वायर थेट डीबीपासून (घरातली मुख्य स्विचची पेटी), वेगळा एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंग. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. ओट्यात बसवायचं चार चुलींचं घेणार असाल तर ते ७००० वॅटपर्यंत जातं, त्याला ६ एमएमची वायर आणि ३२ अँपिअरचा एमसीबी लागतो, आणि मीटरचा मंजूर लोड वाढवून घ्यावा लागतो. भाड्याचं घर आहे तर घरमालकाला विचारून करा.

पारिजातक
दादा, फार उपकार. आत्ता मिक्सरच्याच पॉइंटवर आहे. बंद करते.

मेतकूट_भात
कोणी पंख्याबद्दल का लिहीत नाही? माझ्यासाठी सगळी गोष्टच पंख्याची आहे. आमचं स्वयंपाकघर सहा बाय आठ, पश्चिमेची खिडकी. मे महिन्यात दुपारी गॅसपुढे उभं राहायचं तर पंखा लावता येत नाही, जाळ हलतो. इतकी वर्षं घामाच्या धारा पुसत पोळ्या केल्या आणि बाहेर सगळे पंख्याखाली बसून जेवले. आता मी ओट्यावर भिंतीचा पंखा बसवून घेतलाय आणि तो फुल्ल लावून स्वयंपाक करते. हात कोरडे राहतात, पीठ चिकटत नाही. बिल वाढलं असेल तर वाढू दे, मी ते मनापासून भरते.

खारी_बटर
+१ +१ +१

दर्यावर्दी_वरळी
आमच्यासारख्यांचं काय ते सांगा. सुकट, सुके बोंबील जाळावर भाजल्याशिवाय चटणीला वास येत नाही. तव्यावर भाजलेले खातो आम्ही पण मजा नाय. ओले बोंबील रव्यात घोळवून मात्र इंडक्शनवर झकास, सपाट पॅन पाहिजे. आणि फोडणीची पळी ठेवून बघा, काहीच होत नाय. बुडाला चार-पाच इंचांपेक्षा लहान भांडं ते धरतच नाय, टुंय टुंय करत बंद पडतं. सोलकढीला लसणीची फोडणी द्यायला आईने शेवटी छोटं कढलं घेतलं जाड बुडाचं.

गोधडी
आमच्याकडे कारण वेगळं होतं. मावशी दादरला एकटी राहायची. मागच्या बर्नरवरचं भांडं उतरवताना पुढच्या बर्नरवर पदर गेला. नायलॉनमिश्रित साडी. शेजारच्यांनी चादर टाकली म्हणून वाचली, पण उजवा हात आणि मान भाजली, कितीतरी महिने ड्रेसिंग चाललं. ती बरी होऊन घरी आली ती स्वयंपाकघरात पाऊल टाकेना. लायटरचा खटका ऐकला की दुसऱ्या खोलीत जायची. इंडक्शन आणल्यावर पहिल्यांदा मी तिच्याबरोबर उभी राहून नुसतं पाणी उकळलं. मग तिने स्वतः मुगाची खिचडी केली. आता रोज करते. माझ्यासाठी या यंत्राची किंमत तेवढीच आहे. कोणी म्हणतं चवीत फरक पडतो, पडत असेल.

मेतकूट_भात
गोधडी, वाचून डोळे भरले. मावशींना माझा नमस्कार सांग. काय जिद्दीची बाई.

दर्यावर्दी_वरळी
मावशींना आमच्याकडूनपण.

पारिजातक
गोधडी, तू लिहिलंस ते आईला वाचून दाखवलं. तिने लगेच विचारलं, मावशी कुठे राहतात दादरला.

गोधडी
अगं स्टेशनजवळच, पश्चिमेला. आईंना एकदा घेऊन ये, खरंच. तिला बोलायला माणूस हवंच असतं.

चौकोनी_वही
बिलाचा हिशेब ज्यांना हवा त्यांच्यासाठी. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांएवढी उष्णता असते. शेगडी प्रयोगशाळेत कितीही चांगली असली तरी घरात, वाऱ्यात, लहान भांड्याच्या कडेने जाळ बाहेर जात असताना पन्नास-साठ टक्केच भांड्यात उतरते. इंडक्शनमध्ये भांड्याचं बूडच तापतं, त्यामुळे पंचाऐंशी टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे एक सिलिंडर = साधारण १०५ ते १३० युनिट. तुमचा सिलिंडर किती दिवस जातो त्यावरून महिन्याची युनिटं काढा. मात्र विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, १०० पर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा. तुमचा एसी-गीझर आधीच ३०० ला टेकलेला असेल तर स्वयंपाकाची सगळी युनिटं वरच्या दराने लागतात. नवराबायको दोघंच असतील आणि एसी नसेल तर चित्र एकदम वेगळं. म्हणून शेजारणीचं बिल बघून ठरवू नका. पाईप गॅसवाल्यांनी तर नीट आकडे मांडूनच बघावं, पैसे वाचतीलच असं नाही.

निवडुंग
१२ ऑक्टोबर २०२० आठवतंय ना? सोमवार, सकाळी दहाला सगळ्या मुंबईची वीज गेली. लॉकडाऊनमुळे सगळे घरात, ऑनलाइन शाळा. आमचं तेव्हा नुकतंच पूर्ण इंडक्शन झालं होतं. कुकर अर्धा. सासरे मधुमेहाचे, त्यांना वेळेवर खायला लागतं. खालच्या काकूंनी त्यांच्या गॅसवर वरणभात करून वर पाठवला, वर एक वाटी कोशिंबीर. इन्व्हर्टर असला तरी उपयोग नाही, घरचा साधा इन्व्हर्टर एवढं ओढू शकत नाही. माझं ठाम मत, ज्या घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल आहे तिथे एक बर्नर आणि एक छोटा सिलिंडर असलाच पाहिजे.

काकडआरती
सहमत. आमच्या आजेसासूबाई पानावर बसायच्या आधी भाताचं शीत विस्तवाला वाहतात. इंडक्शन आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं आता त्या चिडणार. त्यांनी शांतपणे देवापुढची समई जवळ ओढली, तिच्या ज्योतीला दाखवून शीत तुळशीत टाकलं. म्हणाल्या, अग्नी कुठेही अग्नीच.

खारी_बटर
आले परत. कोणत्याही भांड्याच्या बुडाला फ्रिजवरचा लोहचुंबक लावायचा. घट्ट बसला तर चालेल, सटकला तर नाही. हिंडालियमची कढई, तांब्यापितळेचं काही, मातीचं, काही चालत नाही. स्टीलसुद्धा सगळं चालत नाही, लग्नातले काही भारी डबे-टोप चुंबकाला अजिबात दाद देत नाहीत. गोल बुडाची लोखंडी कढई चुंबकाला चिकटते पण काचेवर नीट टेकत नाही. आणि ती लोखंडी चकती मिळते ना, वर साधं भांडं ठेवायला, ती घेऊ नका. चकती लाल होते, भांडं पटकन तापत नाही, खालचं यंत्र मात्र तापतं.

पितळी_डबा
मग माझ्या सासूबाईंच्या पितळी पातेल्यांचं काय करू? सहा आहेत, कल्हई केलेली. मोडीत घालायला जीव होत नाही.

वायरमन_लालबाग
तांबा काट्याला, भांड्यांच्या बाजारात, मोड घेतात आणि बदल्यात नवीन देतात, पण वजनावर. पातेली जुनी जाड असतील तर देऊ नका, तशी आता मिळत नाहीत.

पितळी_डबा
देत नाहीच. कल्हईवाला कोणाला माहीत आहे का, मध्य रेल्वेवर?

निवडुंग
आमच्या मुलुंडला दिवाळीआधी एक जण फेरी मारायचा, हल्ली दिसला नाही. वॉचमनला सांगून ठेवते.

गॅसकंपनी_लेन
पाईप गॅस म्हणजे नवी गोष्ट असं पोरांना वाटतं म्हणून सांगतो. महानगर गॅस १९९५ ची. त्याच्या कितीतरी आधी बॉम्बे गॅस कंपनी होती, कोळशापासून गॅस करायची. १८६५ ला मुंबईच्या रस्त्यांवर पहिले गॅसचे दिवे लागले ते त्याच गॅसवर. लालबागची गॅस कंपनी लेन त्यावरूनच. शहरातल्या काही जुन्या घरांत तो गॅस स्वयंपाकालाही होता. माझे वडील त्या भागातलेच, त्यांच्या तोंडून फार ऐकलंय. सरपण, कोळसा, रॉकेल, गॅस, सगळं या शहराने करून पाहिलंय. वीजही करेल.

टिफिन_घाटकोपर
मी साताऱ्याची, चौघीजणी रूमवर. घरमालक सिलिंडर ठेवू देत नाहीत. एक इंडक्शन, एक कुकर, एक पॅन. सकाळी साडेसहा ते आठ कोणी कधी वापरायचं त्याचा कागद भिंतीवर लावलाय. आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर एक भाजी शिकवते, काल डाळिंबी उसळ झाली.

मेतकूट_भात
किती गं गुणाची. डाळिंब्या सोलल्यास का सगळ्या?

टिफिन_घाटकोपर
हो चौघींनी मिळून 😀

शंखपुष्पी
घरात कोणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. आमच्या बाबांच्या डॉक्टरांनी चालू इंडक्शनपासून किमान ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट लांब राहायला सांगितलंय. चुंबकीय क्षेत्र असतं ना. बाबा चहा स्वतः करायचे, आता मी करते, ते बाहेरून सूचना देतात.

आणि पारिजातक, आईंसाठी स्पर्शाचं सपाट पॅनल नको. ओल्या बोटाला ते दाद देत नाही, आणि मोतीबिंदूवाल्यांना त्यावरचे आकडे दिसत नाहीत. दाबायच्या बटणांचं घ्या. आमच्याकडे चालू-बंदच्या बटणावर एक मोठी टिकली चिकटवली आहे आणि कमीच्या बटणावर छोटी. आई न बघता चालवते.

पारिजातक
टिकली! हे आजच करते. बटणांचंच आहे आमचं.

खारी_बटर
जाळ कशावरून ठरवायचा हे आईंना सांगायचं तर माझी रीत. फोडणीला ८०० वॅटच्या वर जायचंच नाही, तेल बघता बघता तापतं, मोहरी जळते. भाजी परतताना १०००-१२००. कुकर पूर्ण ताकदीवर, पहिली शिट्टी झाली की खाली. खीर-बासुंदीला सांभाळून, स्वस्तातली यंत्रं कमी वॅटला सतत मंद तापत नाहीत, पूर्ण ताकदीने चालू, मग बंद, परत चालू असं करतात. जाड बुडाचं भांडं असेल तर ते जाणवत नाही. घावन, आंबोळी मोठ्या तव्यावर मध्ये होते आणि कडा कच्च्या राहतात, कारण खालची तार तेवढ्याच गोलात असते. लहान घावन घालायचे, नाहीतर तवा सरकवत राहायचं.

पारिजातक
हे मोठ्या अक्षरात लिहून ओट्यासमोर लावते. आईला आकडे आवडतात, पोस्टात नोकरी केलीय तिने.

पितळी_डबा
गणपतीत मोदकांचं काय करता सगळ्याजणी? माझं मोदकपात्र ॲल्युमिनियमचं.

काकडआरती
मोठ्या स्टीलच्या टोपात तांब्याभर पाणी, आत तिपाई, वर चाळणीत हळदीची पानं. चुंबक चिकटणारा टोप घे. झाकणाला फडकं बांध म्हणजे वाफेचं पाणी मोदकांवर पडत नाही. पारीला तडा जात नाही, उकड मऊ राहते. मागच्या वर्षी पहिल्या दिवसाचे सगळे असेच केले.

दर्यावर्दी_वरळी
वांग्याचं भरीत?

काकडआरती
ते निवडुंगच्या बर्नरवर 😀 खरंच, भरीत आणि पापड यांना जाळच पाहिजे.

निवडुंग
या सगळे, मुलुंडला या. वांगी आणा येताना.

वायरमन_लालबाग
ताई, पॉइंटचं काय झालं?

पारिजातक
घरमालक हो म्हणालेत दादा, गीझरच्या लाइनवरून नको, डीबीपासून वेगळीच ओढायची असं तुमचंच वाक्य त्यांना ऐकवलं. उद्या सकाळी अकराला त्यांचा माणूस येतोय. वायर ४ एमएमचीच आहे ना ते कसं ओळखायचं?

वायरमन_लालबाग
वायरवर छापलेलं असतं, ४.० असं. गुंडाळी उघडायच्या आधी स्वतः वाचून घ्या.