ब्रिटन आणि नॉर्वे: वीजबाजार खुला करण्यासाठी मालकी विकावी लागते का?

धारावाहक

वीजक्षेत्रातील सुधारणांचा विषय निघाला की आपल्याकडे खासगीकरण आणि स्पर्धा यांची सरसकट सांगड घातली जाते. ब्रिटनने १९८९ च्या कायद्याने केंद्रीय वीजनिर्मिती मंडळ मोडले आणि १९९० पासून त्याचे भाग विकायला काढले. नॉर्वेचा ऊर्जा कायदा १९९१ पासून लागू झाला. १९९२ मध्ये तेथे निर्मितीसाठी स्टाटक्राफ्ट आणि पारेषणासाठी स्टाटनेट अशी विभागणी झाली, पण दोन्ही सरकारकडेच राहिल्या आणि नगरपालिकांची वीजकेंद्रेही बहुतांशी त्यांच्याकडेच राहिली. तरीही १९९६ मध्ये स्वीडनबरोबर सामाईक वीजबाजार उभा राहिला. ब्रिटनच्या ‘पूल’मध्ये, म्हणजे घाऊक विजेच्या सामाईक बाजारात, मात्र दर अर्ध्या तासाची गरज भागवणाऱ्या शेवटच्या वीजनिर्मिती संचाचा भाव सर्वांना मिळे आणि तो बहुतेक वेळा मंडळ मोडून झालेल्या नॅशनल पॉवर व पॉवरजेन याच कंपन्या ठरवत. एखादा संच बाजूला ठेवला की त्याच कंपनीच्या उरलेल्या संचांना चढा भाव मिळण्याची सोय होती. नियामकाने १९९४ मध्ये त्यांच्याकडून काही केंद्रे सोडण्याचे कबूल करून घेतले. २००१ मध्ये पूलच गुंडाळला गेला.

कोळसेवाला

या तुलनेचा पायाच कच्चा आहे. नॉर्वेची सुमारे ९० टक्के वीज पाण्यापासून होते आणि जलाशयातले पाणी आज सोडायचे की हिवाळ्यासाठी राखायचे, हे ठरवण्याची मुभा ब्रिटनमधील कोळशाच्या केंद्रांना कधीच नव्हती. शिवाय सरकारी मालकी असूनही २०२१ मध्ये दक्षिण नॉर्वेत भाव भडकलेच आणि त्या डिसेंबरपासून सरकारला घरगुती बिलांचा भार उचलावा लागला. जर्मनी आणि ब्रिटनला जोडणाऱ्या समुद्री वाहिन्यांवर लोकांचा रोष आहे. युरोपीय संघाच्या ऊर्जाविषयक निर्देशांवरून तर २०२५ च्या जानेवारीत सेंटर पक्ष सरकारमधून बाहेर पडला.

धारावाहक

भाव भडकले हे मान्य. प्रश्न असा की तो पैसा गेला कुणाकडे? नॉर्वेत त्याचा मोठा वाटा लाभांश आणि करांच्या रूपाने सार्वजनिक तिजोरीत आला आणि त्याच तिजोरीतून ग्राहकांना मदत देता आली. ब्रिटनला मात्र वीज उत्पादकांच्या जादा नफ्यावर जानेवारी २०२३ पासून ४५ टक्क्यांचा वेगळा कर बसवावा लागला. त्याआधी सुमारे तीस किरकोळ वीजपुरवठादार बुडाले होते आणि त्यांतील बल्ब ही मोठी कंपनी सरकारी पैशावर चालू ठेवावी लागली. ज्या किरकोळ स्पर्धेचा एवढा गाजावाजा झाला, तिची ही गत!

शेतीपंप

आपण महाराष्ट्रात २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन करून महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या केल्या आणि मालकी राज्याकडेच ठेवली. कागदावर हे नॉर्वेसारखेच आहे. पण तेथे घरगुती ग्राहकही पुरवठादार बदलू शकतो. येथे २००३ च्या वीज कायद्याने मुक्त प्रवेशाचे, म्हणजे स्थानिक वितरण कंपनीऐवजी दुसऱ्याकडून वीज घेण्याचे, दार मुख्यतः मोठ्या ग्राहकांसाठी उघडले आणि त्यांच्यावरही क्रॉस-सबसिडी अधिभार, म्हणजे इतरांच्या स्वस्त विजेची तूट भरून काढण्यासाठीचा आकार, बसतो.

कोळसेवाला

अधिभाराचा मुद्दा रास्त आहे, पण मग धारावाहक यांचा प्रश्नच बदलतो. शेतीच्या स्वस्त विजेची तूट उद्योगांच्या बिलातून भरून काढायची असेल, तर वितरण कंपनी सरकारी असो वा खासगी, उद्योगांना मोकळे सोडणे तिला परवडणार नाही. ही तूट थेट अर्थसंकल्पात दाखवण्याची कोणाची तयारी आहे?