मदत हवी आहे: टोमॅटो उचलणाऱ्या ग्रिपरला स्पर्श कसा द्यायचा?

गिरणारेकर:
गिरणारे, पिंपळगावच्या बाजारात येतो तसा टोमॅटो क्रेटमधून उचलून पट्ट्यावर ठेवणारा दोन बोटांचा ग्रिपर करतो आहोत. एमजी९९६आर सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर), पीएलए या कडक प्लास्टिकची थ्रीडी प्रिंटरवर छापलेली बोटं, प्रत्येक बोटावर एक एफएसआर ४०२ (दाबला की रोध बदलणारा चपटा सेन्सर), १० किलो-ओहमचा रेझिस्टर आणि ईएसपी३२ कंट्रोलर बोर्ड.

कडक टोमॅटो नीट उचलला जातो, पिकलेल्याला खड्डा पडतो. तोच टोमॅटो तसाच धरला तरी आकडा दर वेळी वेगळा येतो, आणि नुसतं धरून ठेवलं तरी चढत राहतो. ओला टोमॅटो हळूहळू खाली सरकतो, तो पडेपर्यंत सेन्सरला पत्ताच नसतो. एफएसआर काढून लोडसेल (वजनकाट्यात असतो तो जोर मोजणारा सेन्सर) आणि त्याचं वाचन घेणारी एचएक्स७११ चिप लावली तर सुटेल का? पुढे द्राक्षाचे घड उचलायचे आहेत.

सातपूर फिटर:
लोडसेल जरूर लावा, पण खड्डा सेन्सरमुळे पडत नाही. आधी लागणारा जोर काढा. १०० ग्रॅमच्या टोमॅटोचं वजन साधारण १ न्यूटन. ते दोन्ही बोटांच्या घर्षणावर पेलायचं. घर्षणांक ०.५ धरला तर प्रत्येक बोटाने १ न्यूटन दाबलं की झालं. उचलतानाचा झटका धरून २ न्यूटन ठेवा. म्हणजे किचनच्या वजनकाट्यावर २०० ग्रॅम दिसेल इतकंच!

आता वेग बघा. हा सर्वो ४.८ व्होल्टवर ६० अंश फिरायला सुमारे ०.१७ सेकंद घेतो. एचएक्स७११ची बरीच बोर्डं सेकंदाला १० वाचनांवर बांधलेली येतात. दोन वाचनांच्या मधे सर्वो ३५ अंश फिरून मोकळा होतो, टोमॅटोचं काय होणार? चिपची रेट पिन ग्राउंडपासून सोडवून व्हीसीसीला (पुरवठ्याच्या व्होल्टेजला) जोडा, ८० वाचनं मिळतील.

तेवढ्यानेही भागत नाही. पीएलएचं बोट वाकत नाही, त्यामुळे एका अंशात जोर एकदम चढतो. सर्वोचा डेडबँड, म्हणजे ज्याला तो दाद देत नाही तेवढा सिग्नलमधला बदल, ५ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे अर्ध्या अंशाहून बारीक हालचाल तो करतच नाही. म्हणून बोट मऊ करा. ९५ए टीपीयू या लवचिक प्लास्टिकमध्ये फिन-रे पद्धतीचं, आत आडव्या पट्ट्या असलेलं बोट छापा. ते टोमॅटोभोवती वळतं आणि दर अंशाला जोर थोडाथोडा वाढतो. टोमॅटोपर्यंत वेगाने जा, स्पर्श कळला की एक-एक अंश, प्रत्येक पायरीनंतर ५० मिलिसेकंद थांबा. एचएक्स७११च्या फिल्टरला ८० वाचनांवरही स्थिर व्हायला एवढा वेळ लागतो.

१ किलोचा लोडसेल बोटाच्या मुळाशी बसवा आणि कॅलिब्रेशन करताना टोमॅटो जिथे टेकतो त्याच जागी दाब द्या. टोकाला आणि मध्यावर आकडा सारखा येत नाही.

कार्बनपट्टी:
एफएसआर लगेच फेकू नका, स्पर्श झाला की नाही एवढं तो चांगलं सांगतो. न्यूटन मात्र त्याला विचारू नका. सतत दाबाखाली त्याचा रोध घसरत जातो, आकडा चढतो तो त्यामुळे. दाब वाढवताना आणि सोडताना त्याच जोराला वेगळं वाचन मिळतं, तेही त्याच्या स्वभावातच आहे.

बसवण्यातल्या चुका तपासा. वक्र पृष्ठभागावर चिकटवला तर वाकल्यामुळेच आधीपासून दाब दिसतो. शेपटीकडे हवा जायची वाट असते, ती फेव्हिक्विकने बुजली तर आतली हवा अडकते. टोमॅटो गोल असल्याने दर वेळी वेगळ्या बिंदूवर टेकतो, म्हणून वर १० मिमी व्यासाची, २ मिमी जाड रबरी चकती लावा. जोर नेहमी त्याच भागातून जाईल. गणितही उलटं करा: जोर रोधाशी नाही, वाहकतेशी (१ ÷ रोध) साधारण सम प्रमाणात असतो. रेझिस्टर ग्राउंडकडे असेल तर वाहकता = व्होल्टेज ÷ (१०,००० × (३.३ − व्होल्टेज)). वायफाय चालू असेल तर ईएसपी३२च्या एडीसी२ पिना (व्होल्टेज वाचणाऱ्या पिनांचा दुसरा गट) वापरू नका.

चुंबकवाला:
सरकणं ओळखायला आडवा जोर मोजावा लागतो, एफएसआर फक्त सरळ दाब बघतो. एमएलएक्स९०३९३ ही तीन अक्षांची चुंबकीय चिप घ्या. तिच्यावर ४ ते ५ मिमी सिलिकॉनचा थर, त्यात ३ मिमीचं निओडिमियम चुंबक. टोमॅटो खाली ओढू लागला की चुंबक किंचित सरकतं आणि आडव्या अक्षांचा आकडा बदलतो. आडवा जोर ÷ सरळ जोर हे गुणोत्तर घर्षणांकाजवळ पोचलं की पकड एक अंश वाढवा, म्हणजे निसटण्याआधीच सावरता येतं.

सर्वोच्या मोटरमध्येही चुंबक असतं. दुसरी चिप चुंबकाशिवाय शेजारी बसवून तिचं वाचन वजा करा. लोखंडी स्क्रू जवळ नकोत, पितळी चालतील.

गिरणारेकर:
मनापासून आभार. चुंबकवाला, इकोफ्लेक्स ००-३० हे सिलिकॉन ओतलं होतं, पण दुसऱ्या दिवशीही चिकटच आहे. प्रमाण चुकलं का?

चुंबकवाला:
अ आणि ब हे दोन्ही भाग समान घेतले असतील तर प्रमाण बरोबर आहे. खोलीच्या तापमानाला ४ तासांत घट्ट व्हायला हवं. लेटेक्सचे हातमोजे किंवा गंधक असलेली माती वापरली होती का? साचा रेझिन प्रिंटरवरचा आहे का? प्लॅटिनमवर जमणारं सिलिकॉन यांच्या संपर्कात जमत नाही. नायट्राइल मोजे आणि पीएलएचा साचा घ्या. ओतण्याआधी व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढा, नाहीतर दोन बोटांचा मऊपणा वेगळा पडतो. धूळ बसली की सिलिकॉनची पकड जाते, रोज साबणाच्या पाण्याने पुसा.

सातपूर फिटर:
द्राक्षाला मात्र ही पद्धत जशीच्या तशी लावू नका. मण्यांना बोट लागलं की त्यांच्यावरचा पांढुरका थर पुसला जातो आणि मालाला बाजारात तेवढा भाव मिळत नाही. घड देठालाच धरा, त्याच्या वर कात्री. देठ टणक असतो, तिथे २ न्यूटनची काळजी नाही. घड सुटला की हातात आला एवढंच कळायला हवं. त्यासाठी मनगटात ५ किलोचा लोडसेल पुरे: कात्री चालल्यावर घडाचं वजन दिसलं नाही, तर देठ निसटला किंवा कापलाच गेला नाही.