कंपाउंड धनुष्य घ्यायचंय, मुलगी १४ वर्षांची. कुठलं झेपेल?

अनुजा_कराड
नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे. इंडियन राउंड, म्हणजे बांबूचं धनुष्य, बऱ्यापैकी खेळते. आता सर म्हणताहेत कंपाउंडकडे, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याकडे वळवा. घरात या खेळातलं कुणालाच काही कळत नाही.

समोर दोन पर्याय आहेत. मैदानावरचा एक मोठा मुलगा त्याचं जुनं धनुष्य विकतोय, अर्ध्या किमतीत देतो म्हणाला. दुसरं म्हणजे दीर डॅलसहून दिवाळीला येणार आहेत. तिथे धनुष्यांची दुकानं भरपूर आहेत म्हणे. त्यांनी फोटो पाठवलेत, प्रत्येकावर ३३०, ३४० असे वेगाचे आकडे आहेत. जास्त वेगाचं घ्यावं का? मॉडेल सुचवा प्लीज.

पिनाकपाणी
ताई, मॉडेल राहू द्या. आधी मुलीचं माप सांगा.

भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरायला सांगा. ओढून-ताणून नको, सहज. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत किती भरतं ते मोजा. कुठला डोळा प्रबळ आहे ते बघा. दोन्ही तळव्यांचा छोटा त्रिकोण करून त्यातून लांबची वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. जो उघडा असताना वस्तू जागेवर राहते तो प्रबळ. आणि त्या जुन्या धनुष्याच्या लिंबवर, म्हणजे वाकणाऱ्या पात्यावर, एक कागद चिकटवलेला असेल, त्यावर काय लिहिलंय ते इथे टाका.

टेक्ससकर
दिरांना आधी थांबवा. :)

मी याच भागात राहतो. इथल्या दुकानात भिंतीवर जे टांगलेलं असतं त्यातलं बहुतेक हरणाच्या शिकारीसाठीचं असतं. झाडावर बांधलेल्या मचाणात बसून वापरायचं, म्हणून आखूड, वरच्या-खालच्या चाकांच्या दोन ॲक्सलमध्ये २८ ते ३३ इंच. हलकं आणि चपळ. तुमच्या मुलीला ५० मीटरवर एका जागी उभं राहून बाणामागून बाण मारायचे आहेत, तिथे लांब, जरा जड, स्थिर धनुष्य लागतं. शिवाय ती झाडापानांची नक्षी! वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमात तसल्या कॅमोफ्लाज रंगाचं साहित्य चालत नाही.

वेगाचं म्हणाल तर तो आकडा ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ (दोरी मागे ओढायची लांबी) आणि ३५० ग्रेन (बाणाच्या वजनाचं छोटं एकक) वजनाच्या बाणावर मोजलेला असतो. इथल्या सहा फुटी शिकाऱ्याच्या मापावर. ड्रॉ एक इंच कमी झाला की सेकंदाला साधारण १० फूट वेग जातो, पाउंडेज, म्हणजे ओढायचं वजन, उतरवलं की आणखी जातो. तुमच्या लेकीच्या हातात ते ३४० कधीच दिसणार नाहीत, आणि तिला त्यांची गरजही नाही.

वैदर्भी
थोडं अवांतर, पण विचारतेच. कंपाउंड ऑलिंपिकमध्ये नाही ना? मग रिकर्व्हच, म्हणजे बिनचाकांचं ऑलिंपिकवालं धनुष्य, का नको?

निशाणेबाज
२०२८ च्या लॉस एंजेलिसला कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आहे. वैयक्तिक नाही.

आणि कराडकरांना हा प्रश्न विचारता? बर्लिनला २०२३ च्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी जगज्जेती झाली, अंतिम फेरीत १४९-१४७. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे १५० पैकी १५० मारून जिंकला. दोघंही साताऱ्यात तयार झालेले. तासाभराच्या अंतरावर कंपाउंड जाणणारी माणसं असताना रिकर्व्ह कशाला शोधत बसायचं?

वैदर्भी
ओजस आमचा आहे, एवढं नोंदवून थांबते.

अनुजा_कराड
मोजलं. हात पसरून १५५ सेंटीमीटर, उंची १५६. उजव्या हाताची आहे, पण डोळा डावा निघाला! तीनदा करून बघितलं.

जुन्या धनुष्यावर लिहिलंय: ड्रॉ २९, वजन ५०-६०, लेट-ऑफ ८०%. तो मुलगा म्हणतो, काकू, ५० वर आणून देतो, ८०% लेट-ऑफ म्हणजे पूर्ण ओढल्यावर धरायला फक्त १० पाउंड, सहज जमेल.

पिनाकपाणी
आता बोलता येईल.

१५५ सेंटीमीटर म्हणजे ६१ इंच. त्याला २.५ ने भागलं की साडेचोवीसच्या आसपास येतात. हा तिचा अंदाजे ड्रॉ. पक्का आकडा मैदानावर, पूर्ण ओढलेल्या अवस्थेत बाजूने बघूनच ठरेल, पण त्यात फार तर अर्धा-पाऊण इंचाचा फरक पडेल. ते २९ चं धनुष्य तिच्यासाठी साडेचार इंच लांब आहे. त्याचे कॅम (टोकाची चाकं) किंवा मॉड्यूल (कॅमवरचा ड्रॉ ठरवणारा तुकडा) बदलून कुठवर खाली येतं ते विचारा. काही धनुष्यांत मॉड्यूल नुसतं फिरवून बसवता येतं, काहींत दुसरं विकत घ्यावं लागतं, काहींत अख्खा कॅम बदलावा लागतो. मोठ्या कॅमची बरीच धनुष्यं २६-२७ च्या खाली येतच नाहीत. तसं असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका.

बांबूच्या किंवा रिकर्व्ह धनुष्यात ड्रॉ म्हणजे तुम्ही जिथे थांबाल तिथे. कंपाउंडमध्ये मागे भिंत असते, कॅम तिथे अडतो. ती भिंत कुठे असावी हे शरीराने ठरवायचं. लांब असली की मुलं मागे झुकतात, पुढचा कोपर ताठ अडकतो, दोरी दंडावर फटके देते, आणि मान वाकवून दोरीपर्यंत चेहरा न्यायची सवय लागते. ही सवय नंतर काढताना सरांचा घाम निघतो. आखूड असली तर मागचा कोपर बाहेर राहतो आणि पाठ कामालाच लागत नाही. शंका असेल तर किंचित आखूड परवडतं, लांब कधीच नाही.

आता त्या १० पाउंडांबद्दल. हिशोब बरोबर आहे, सल्ला चुकीचा. १० पाउंड धरायचे आहेत ते शेवटी. तिथे पोचायच्या आधी ५० चा घाट चढावा लागतो, आणि कंपाउंडमध्ये तो चढ लवकर येतो, हात अजून पुढे असताना, जिथे खांद्याची ताकद सगळ्यात कमी असते. बांबूच्या धनुष्यात वजन हळूहळू वाढत जातं, त्यामुळे ‘ती २५ ओढते, म्हणजे ५० चं अर्धं झालंच’ असं गणित मांडू नका.

कसोटी अशी: तिला खुर्चीत बसवा, पाय जमिनीपासून उचललेले, बाण लावून, समोर जवळ टार्गेट. धनुष्य आभाळाकडे न नेता सरळ समोर ओढता आलं, दहा-बारा सेकंद धरता आलं आणि तितक्याच शांतपणे परत सोडता आलं, तर ते वजन तिचं. हात वर नेऊन हिसका द्यावा लागला तर नाही. वर तोंड करून ओढणं स्पर्धेतही चालत नाही, बाण सुटला तर मैदानाबाहेर जाऊ शकतो. आणि बाण न लावता दोरी सोडायची नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. लिंब आणि कॅम तिथल्या तिथे जातात.

तिच्यासाठी ३० ते ४० पाउंडांचे लिंब शोधा. ३० वर सुरुवात करायची आणि लिंबचे बोल्ट थोडे थोडे आवळत वर जायचं.

निशाणेबाज
लिंबबद्दल सहमत. पण ५० मीटरला ३० पाउंड? साइट (नेम धरायचं साधन) इतकी खाली येईल की बाण स्कोपला, तिच्या भिंगाला, घासेल. खेळायचंच असेल तर ३८-४० हवेत.

पिनाकपाणी
खेळायचंय कधी? पहिले काही महिने १८ मीटर आणि ३० मीटरच मारू दे. ३८ पर्यंत पोचेल तेव्हा ५० मीटर. ६० पाउंड ही नियमाची कमाल मर्यादा आहे, उत्तीर्ण होण्याची अट नव्हे.

निशाणेबाज
बरं. डोळ्याचं मात्र मी स्पष्ट सांगतो: डावा डोळा प्रबळ असेल तर डाव्या हाताचं धनुष्य घ्या. आत्ताच बदललं तर बदललं.

पिनाकपाणी
नवखी असती तर मीही हेच म्हटलं असतं. पण ही मुलगी उजव्या हाताने ओढायला शिकलेली आहे, पाठीची सवय बसलेली आहे. शिवाय कंपाउंडमध्ये दोरीत पीप, म्हणजे बघायचं छोटं भोक, असतं, पीपमधून स्कोपचं वर्तुळ दिसतं, त्यामुळे कुठला डोळा बघतोय याचा घोळ कमी होतो. डाव्या डोळ्यापुढे टोपीला एक छोटा पडदा लावला की झालं. आणि व्यवहाराचं बोलायचं तर डाव्या हाताचं जुनं धनुष्य आपल्याकडे मिळणंही कठीण, पुढे विकणंही कठीण. सरांना दोन्ही बाजूंनी मारून बघू द्या, तेच ठरवतील.

निशाणेबाज
सरांवर सोडताय तर ठीक. मत बदललेलं नाही.

अनुजा_कराड
बापरे, तो घोळ सरांवरच सोपवते. त्या मुलाला विचारलं. म्हणाला २७ च्या खाली येत नाही. म्हणजे तो विषय संपला ना?

दीर म्हणतात तिथे ‘मुलांपासून मोठ्यांपर्यंत सगळ्यांना चालेल’ असं एक पूर्ण पॅकेज मिळतं, ५ ते ७० पाउंड. हे चांगलं वाटतं, वाढत्या वयाला?

टेक्ससकर
संपला.

ते पॅकेज वाईट नसतं. घरामागच्या अंगणात बापलेकांनी मारायला उत्तम. पण त्यात एक गोम आहे. या रुंद रेंजच्या धनुष्यांत ड्रॉ आखूड केला की वरचं वजनही आपोआप उतरतं. म्हणजे साडेचोवीस इंचांना ७० मिळणारच नाहीत. तुमच्या मुलीला ७० नकोच आहेत, त्यामुळे तो प्रश्न नाही. प्रश्न असा की सोबतची साइट, बाण टेकवायचा रेस्ट, पीप हे सगळं शिकारीचं असतं, एकेक करून बदलावं लागतं. वर्षभरात पॅकेजमधलं नुसतं धनुष्य उरतं, तेही आखूड.

पिनाकपाणी
हेच. त्यापेक्षा साताऱ्यात किंवा पुण्यात एखाद्या मुलीने वापरलेलं टार्गेट धनुष्य बघा, वाढली म्हणून बाजूला ठेवलेलं. ॲक्सलमधली लांबी ३४ ते ३७ इंच पुरे. ड्रॉ साडेचोवीसचा असल्याने तिला ४० इंचांचं लांबलचक धनुष्य लागत नाही. लांब हातांच्या मुलांना लागतं, नाहीतर दोरीचा कोन फार तीव्र होतो आणि पीप डोळ्यापासून दूर जातं.

वजन हातात धरून बघा. नुसतं टार्गेट धनुष्य दोन किलोच्या आसपास असतं. स्कोप आणि लांब स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणाऱ्या दांड्या) लावले की तीनच्या घरात जातं. ७२ बाणांच्या फेरीत शेवटच्या बाणापर्यंत ते डाव्या हाताने पेलायचंय. स्टॅबिलायझर सुरुवातीला आखूड ठेवा, टोकाची वजनं काढून टाका.

दोरी आणि केबल बघा: धागे फुलल्यासारखे दिसतात का, कॅमपाशी गुंडाळी सुटलीय का. दोरी कधी बदलली ते विक्रेत्याला सांगता आलं नाही तर नव्या दोरीचे पैसे किमतीतून कापा. लिंबवर नखाने हलकेच फिरवून चीर लागते का बघा. आणि जवळपास बो प्रेस (लिंब दाबून दोरी सैल करायचं यंत्र) कुणाकडे आहे ते आधी विचारून ठेवा. कंपाउंडची दोरी घरी हाताने बदलता येत नाही. मला विचाराल तर कंपनीच्या नावापेक्षा हे महत्त्वाचं. ज्याचे मॉड्यूल आणि दोऱ्या तुमच्या सरांच्या ओळखीत मिळतात, ती कंपनी चांगली.

वैदर्भी
वाखू (वाचनखूण) साठवली. आणि बाण? माझ्या भाच्याला कुणीतरी धनुष्याबरोबर जुने बाण फुकट दिलेत.

पिनाकपाणी
ते भिंतीवर लावा. बाण धनुष्याच्या मापाचे घ्यायचे असतात: लांबी, पाउंडेज आणि त्यावरून स्पाइन, म्हणजे बाणाचा ताठपणा. आकडा जितका लहान तितका बाण ताठ. मोठ्या मुलाच्या ६० पाउंडांचा ताठ बाण ३० पाउंडांवर सरळ जाणार नाही. बाण बनवणाऱ्या कंपन्यांचे तक्ते असतात, त्यात बघा. आणि फार हलका नको. दर पाउंडाला निदान ५ ग्रेन धरा, म्हणजे ४० पाउंडांना २०० ग्रेनच्या खाली जायचं नाही. त्याखाली धनुष्याला जवळजवळ बाण न लावता सोडल्याचाच झटका बसतो.

अनुजा_कराड
सरांशी बोलले. त्यांच्या माहितीत साताऱ्यात एक ३०-४० चं आहे, २४ ते २६ मध्ये बसवता येतं. या रविवारी खुर्चीची परीक्षा घेऊन बघणार आहोत. डोळ्याचं ते सावकाश ठरवू म्हणाले.

दीर मात्र हिरमुसलेत. रिलीज (दोरी सोडायचं साधन) तरी आणू का म्हणतात.

टेक्ससकर
रिलीज नको. तिच्या बोटांना धरून बघितल्याशिवाय घ्यायचं नसतं, हातात धरायच्या रिलीजमध्ये लहान-मोठी मापं असतात. त्यांना डी-लूपची (रिलीज अडकवायच्या फासाची) दोरी, सर्व्हिंगचा (दोरीवर गुंडाळायचा) धागा आणि दोरीला लावायचं मेण आणायला सांगा. आणि ॲलन कीचा एक चांगला संच, इंची मापाचा. अमेरिकन धनुष्याच्या स्क्रूला मिलिमीटरची की जवळजवळ बसते आणि खाच खराब करते. चेक-इन बॅगेत टाका म्हणावं.