मदत हवी आहे: ब्रेकचं पेडल पाऊण खाली जातंय

जुनी_चाकं
तातडीने मदत हवी आहे. पेडल पाऊण खाली गेल्याशिवाय ब्रेक लागत नाही. मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकच्या तेलाला देणारा) नवा टाकला, तीनदा तेलातली हवा काढली, फरक शून्य. मेकॅनिक म्हणतो, जुन्या गाडीचं असंच असतं. रविवारी बाबांना घेऊन पुण्याहून वाईला जायचंय, त्यांचा पंचाहत्तरावा आहे. काय करू?

कोयनाकाठ
गाडी कोणती?

जुनी_चाकं
फियाट.

कोयनाकाठ
कुठली? किती सालची? लागोपाठ दोनदा दाबल्यावर पेडल वर येतं का? दाबून धरलं तर हळूहळू खाली बसतं का? पायाला स्पंजासारखं लागतं का?

जुनी_चाकं
१९७० ची ११०० डिलाइट. चारही चाकांना ड्रम. दुसऱ्या दाबाला वर येतं, कडक लागतं, खाली बसत नाही. गळती कुठेच नाही. लवकर सांगा, प्लीज.

जीपवाला_सांगली
नवा असला तरी मास्टरच उघडा. माझ्या सीजे-३बी ला हेच झालं होतं. कीट टाकताना आतला चेक व्हॉल्व्ह राहून गेला होता. तो लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो. तो नसला की पहिला दाब वाया जातो. नाहीतर तिन्ही होज (चाकांकडे तेल नेणाऱ्या रबरी नळ्या) एकेक करून क्लॅम्पने दाबा, ज्याला पेडल वर येईल तिथे दोष.

मीना_ठाणे
जुन्या रबरी होजला क्लॅम्प लावू नका! वरून धड दिसतो, आतून फाटतो, मग चाक जाम होतं. आमच्या पद्मिनीचं झालंय.

जीपवाला_सांगली
होज इतका कुजका असेल तर तो बदलायलाच हवा ना!

सारथी६५
पुढे डिस्क आणि बूस्टर बसवून घ्या. मी बसवलंय, आता पाय नुसता ठेवला तरी पुरे.

कोयनाकाठ
सारथी, बूस्टरने पाय हलका होतो, पेडलची चाल कमी होत नाही.
जुनी_चाकं, पेडल बसत नाही म्हणजे मास्टरची वाशर दाब धरतेय. स्पंज नाही म्हणजे हवाही नसावी. शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते) आणि ड्रममध्ये फट जास्त दिसतेय. पहिल्या दाबातलं तेल शू ड्रमपर्यंत न्यायलाच संपतं. शू मागे सरकायच्या आत दुसरा दाब बसतो, म्हणून पेडल वर येतं. गाडी उचला, हँडब्रेकची केबल सैल करा, शू बाहेर ढकलणारे, चाकामागच्या प्लेटवरचे अ‍ॅडजस्टर फिरवून चारही चाकं जाम करा आणि पेडल दाबा. वरच अडलं तर दोष फटीचाच. क्लॅम्पची गरज नाही.
शू नवे आहेत का? ड्रम लेथवर आतून घासून घेतले होते का? त्याने फट वाढते.

वाफाळ_चहा
पन्नास वर्षं झाली म्हणजे व्हीए नंबर (विंटेज गाडीचा) घेतलात का? २०२१ च्या नियमाने वीस हजार फी आहे, दहा वर्षं चालतो.

मीना_ठाणे
व्हीए घेतला की रोज फिरवता येत नाही, आधी तो नियम वाचा. आणि इथे ब्रेकचं चाललंय.

जुनी_चाकं
आत्ताच करून पाहिलं. तीन चाकं जाम झाली, पेडल निम्म्यावर आलं! मागचं डावं मात्र अ‍ॅडजस्टर शेवटपर्यंत फिरवूनही मोकळं फिरतंय. हो, शू दिवाळीत नवे टाकले. ड्रम तेव्हाही लेथवर घेतले आणि आधी बाबांनीही एकदा घेतले होते. हे सांगायला हवं होतं, लक्षातच आलं नाही.

कोयनाकाठ
सापडलं. त्या ड्रमचा आतला व्यास मोजून घ्या. मर्यादेबाहेर गेला असेल तर शूवर जाड लायनर (ड्रमला घासणारा थर) लावू नका, ड्रमच बदला. मर्यादेत असेल तर जाड लायनर रिव्हेट करून ड्रमच्या गोलाईला घासून घ्या. नाहीतर शू मधेच टेकतो आणि पेडल लांबच राहतं. बाकी तीन चाकं मोकळी फिरतील इतपत सैल करा. आणि हे होईपर्यंत वाईला दुसऱ्या गाडीने जा. येताना खंबाटकी घाटातल्या बोगद्यानंतरचा उतार आहे आणि या गाडीला ब्रेकची लाइन एकच, ती गेली की चारही चाकांचा ब्रेक गेला.

जुनी_चाकं
बाबांना सांगितलं. एसटीने जाऊ म्हणाले, ड्रमचं काम मात्र सोबत उभं राहून करून घ्यायचंय त्यांना. पुण्यात जुन्या फियाटचा मागचा ड्रम किंवा जाड लायनर कुठे मिळेल?