प्रयोगामागचा माणूस

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना क्षुल्लक कारणावरून दोन गटांत टाकलं, तर ती पैसे कसे वाटतात, हे पाहणारा मानसशास्त्रातला एक प्रसिद्ध प्रयोग आहे. त्याबद्दल थोडी भर घालतो. तो करणारे हेन्री ताजफेल पोलंडमधले ज्यू. फ्रान्समध्ये शिकत असताना युद्ध सुरू झालं, ते फ्रेंच सैन्यात भरती झाले आणि १९४० मध्ये जर्मनांच्या हाती सापडले. ज्यू असल्याचं त्यांनी कबूल केलं, पोलिश असल्याचं मात्र लपवलं. फ्रेंच ज्यू युद्धकैदी म्हणून जगले. खरं कळतं तर संपलेच होते. सुटून आले तेव्हा घरचं जवळपास कुणीच उरलं नव्हतं. पुढे काही वर्षं अनाथ मुलांचं आणि निर्वासितांचं पुनर्वसन, मग इंग्लंडमध्ये मानसशास्त्राची पदवी, आणि १९६७ मध्ये ब्रिस्टलला प्राध्यापक.

आता तो प्रयोग पुन्हा बघा. चित्रकार क्ले आवडतो की चित्रकार कँडिन्स्की, एवढ्यावर (तेही खोटंच, वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी) मुलं 'आपली' आणि 'त्यांची' झाली. पैसे वाटताना आपल्या गटाला कमी मिळाले तरी चालतील, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवेत!

संशोधक म्हणून मोठेच. पण सहकारी स्त्रियांशी त्यांचं वागणं वाईट होतं हेही आता उघड झालंय. २०१९ मध्ये युरोपातल्या सामाजिक मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं पुरस्काराला असलेलं त्यांचं नाव काढलं. मला तो निर्णय पटतो.