प्रोजेक्ट बंद करा म्हणे!

पाठकणा: काल इथे एकांनी लिहिलं की फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांचे रिसर्च प्रोजेक्ट बंद करा, तो वेळ वॉर्डात द्या, 'वर्गमित्रांचे हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचे स्नायू, ताणून जगाला काय मिळालं?' वाचून डोकंच फिरलं. जगाला काही मिळावं म्हणून नसतोच तो प्रोजेक्ट. एकाच गुडघ्याचा कोन गोनिओमीटरने दोनदा मोजून दोन वेगळे आकडे ज्याला आले, तो पुढे '४ अंशांची सुधारणा' वाचून मान डोलावत नाही. वॉर्डात हे शिकायला उसंत कुठे? पुढचा पेशंट दारात उभा असतो. माझा राग प्रोजेक्ट करून घेणाऱ्या शिक्षकावर, गाईडवर आहे. विषय ठरवताना गायब, एथिक्सचा फॉर्म भरताना गायब, डेटा आला की 'पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली का?', म्हणजे निकाल संख्याशास्त्राच्या चाळणीत पास झाला का, एवढंच विचारायला हजर!

वॉर्डवाला: ती पोस्ट माझीच. हात पेशंटवर बसतो, एक्सेलमध्ये नाही. निकाल त्या चाळणीत पास, म्हणजे सिग्निफिकंट, आला की पोरं नाचतात. पेशंटला जिना चढताना फरक पडला का, विचारलं की तोंडाकडे बघतात.

पाठकणा: मग ते विचारायला शिकवायचं कुणी? तुम्हीच ना?

धापवाला: गाईडचा विषय निघालाच आहे तर ऐका. सिक्स मिनिट वॉक टेस्टला, म्हणजे सहा मिनिटांत पेशंट किती मीटर चालतो ते मोजायला, ३० मीटरचा सरळ कॉरिडॉर लागतो. आमच्याकडे निम्माच मोकळा. गाईड म्हणाले, 'चालतंय की!' वळणं दुप्पट, सीओपीडीचा, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराने धाप लागणारा पेशंट दर वळणाला मंदावणार, अंतर कमी भरणार. मग ते ३० मीटरवाल्यांच्या आकड्यांशी ताडून निष्कर्ष काय, तर 'आमच्या पेशंटची क्षमता कमी'. धन्य!

वॉर्डवाला: जागा नाही तर भिंत पाडायची का? आधी आणि नंतर तिथेच मोजलं की झालं.

धापवाला: आपल्यापुरतं झालं, बाहेरच्या आकड्यांशी नाही. शिवाय दुसऱ्या वेळी नुसत्या सवयीनेही अंतर वाढतं, म्हणून तर या टेस्टच्या २०१४ च्या गाईडलाइनमध्ये ती किमान दोनदा घ्यायला सांगितलीय. तुम्ही एकदा घेणार आणि वाढीचं श्रेय उपचाराला देणार.

सांधेवाली: एका विद्यार्थिनीची शीट तपासत होते. ३६०, ३९०, ४२०, ३६०... सगळी अंतरं ३० च्या पटीत! सहा मिनिटं संपताना प्रत्येक जण नेमका टोकाला ठेवलेल्या शंकूपाशीच कसा? खोदून विचारलं तेव्हा कळलं, अर्धवट फेरी सोडून द्यायची असं सीनियरने सांगितलेलं. सगळ्या टेस्ट पुन्हा घ्यायला लावल्या. रडली बिचारी.

वॉर्डवाला: बघा! माझंच म्हणणं सिद्ध झालं.

पाठकणा: कसलं सिद्ध? गाईडने शीट उघडली म्हणून सापडलं.

धापवाला: आणि पेशंटच्या खांद्याला खांदा लावून 'चला चला, अजून जोरात' ओरडणारे? प्रोत्साहनाची वाक्यं ठरलेली आहेत, मिनिटाला एकदा, एका सुरात.

वॉर्डवाला: सॅच्युरेशन, रक्तातला ऑक्सिजन, पडला तर पेशंटला धरणार कोण? लांबून टाळ्या वाजवू?

धापवाला: अहो, मागे राहा, मागे! लांब जा कोण म्हणालं? न वाचता भांडायचं म्हणजे कमाल आहे.

वॉर्डवाला: वाचलंय. बरं, एवढं देतो तुम्हाला: प्रत्येकाची सुरुवातीची मोजमापं गाईड समोर उभा राहून बघणार असेल तर ठेवा तुमचे प्रोजेक्ट. पण मग एकाच गाईडच्या गळ्यात डझनभर मारू नका. आणि हॅमस्ट्रिंग नको, हात जोडतो.

सांधेवाली: ते राहू द्या. शेवटची अर्धवट फेरी तुमच्याकडे कशी मोजतात?

वॉर्डवाला: जमिनीवर दर ३ मीटरला खूण, उरलेलं टेपने. थांबला त्याच जागी आधी चिकटपट्टी लावा, मग खुर्ची द्या.